घासकाम

१६ जानेवारी, मंगळवार

आजपासून दादाच्या कारखान्यात जाणार नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय. सव्वीस वर्षांची सवय आहे, उद्या सकाळी पाय आपोआप तिकडे वळले तर त्यांना ही वही दाखवायची.

झालं ते असं. दुपारी लंबूमास्तर आले होते. मोठे वादक, वीस वर्षं दादाच्याच गिटारी वाजवतात. उंचीमुळे आम्ही पाठीमागे त्यांना लंबूमास्तर म्हणतो, तोंडावर नुसतं मास्तर. गेल्या वर्षी नेलेली गिटार बरोबर घेऊन आले होते. दादाच्या खोलीत अर्धा तास बोलणं चाललं होतं. मी पॉलिश पेपर घ्यायला दाराजवळच्या कपाटाशी गेलो आणि दादाचं वाक्य कानावर पडलं.

"धाकटा फक्त घासकाम बघतो हो. त्या गिटारीत जे काही आहे ते सगळं माझं आहे."

त्या गिटारीत जे काही आहे ते सगळं माझं आहे, दादाचं नाही. बाजू मी वाकवल्या, पाठ मी जोडली, वरची फळी मी रंध्याने पातळ उतरवली, आतल्या पट्ट्या, मान, तारा, सगळं मी. दादाने तिला हात लावला तो आत नावाची चिठ्ठी चिकटवण्यापुरता. तीही वाकडी चिकटवली, मी काढून सरळ लावली.

माझ्या दोन पटाश्या आणि छोटा रंधा पिशवीत टाकला. दादाने विचारलं, लवकर निघालास? मी म्हणालो, घासकाम संपलं. त्याला कळलं, चेहऱ्यावरून दिसलंच. दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा राहिला, हल्ली राहतो तसा. साहेब.

१७ जानेवारी, बुधवार

हिला सकाळी सांगितलं. वाचनालयात कामाला जायची घाई होती तरी खुर्चीत बसून सगळं ऐकलं. मग म्हणाली, दादा असं का म्हणाले असतील? मी म्हणालो, नाव जाईल म्हणून, दुसरं काय. तिने पिशवी उचलली आणि गेली. माझी बाजू घ्यायला तिला अजून एखादा दिवस लागेल असं दिसतंय.

खरं तर पहिली बावीस वर्षं माझी तक्रार नव्हती. गिटारीचा सगळा आवाज वरच्या फळीत असतो, आणि फळ्या दादा स्वतः करायचा, खोलीचं दार लावून. आतून ठकठक ऐकू यायची. फळी बोटाने ठोकायची, ऐकायची, रंधा मारायचा, परत ठोकायची. मला कधी आत घेतलं नाही. मीही गेलो नाही. चार वर्षांपूर्वी एक दिवस बाहेर येऊन म्हणाला, आजपासून फळ्याही तूच कर, माझ्या डोळ्यांना ताण पडतो. झालं. शिकवणं नाही की दाखवणं नाही. तेव्हापासून एकतीस गिटारी झाल्या, एकतीसच्या एकतीस माझ्या हातच्या, आणि आत चिठ्ठी त्याची. तो खुर्चीत बसून फोनवर बोलतो.

२२ जानेवारी, सोमवार

लेकीची खोली रिकामीच असते, ती नोकरीला दुसऱ्या गावी. तिचा पलंग उभा करून भिंतीला लावला आणि मधे जुनं जेवणाचं टेबल घेतलं. माळ्यावरून लाकूड काढलं. दहा वर्षांपूर्वी स्वतःसाठी म्हणून घेऊन ठेवलं होतं, देवदाराची फळी आणि पाठीला, बाजूंना शिसम. हिने कधी विचारलं की म्हणायचो, आहे असंच. आता कशासाठी ते कळलं.

एक गिटार करायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने. आत चिठ्ठी माझ्या नावाची. आणि झाली की लंबूमास्तरांच्याच हातात द्यायची.

३० जानेवारी, मंगळवार

बाजू वाकवल्या. कारखान्यात त्यासाठी विजेची शेगडी आहे. इथे लोखंडी नळी आतून तापवली, वर ओलं फडकं, आणि दोन्ही हातांनी पट्टी दाबत दाबत कंबर काढायची. पहिली पट्टी कंबरेशी तडकली. माळ्यावर जादा होत्या म्हणून बरं. दुसरी लोण्यासारखी वळली. वाफेत शिसमाचा गोडसर वास सुटतो. ही दाराशी येऊन उभी राहिली, म्हणाली, घरात इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं तुम्हाला. मी हसत होतो हे मला माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी आल्या. एकट्या, बसने. दादाने स्कूटर चालवणं सोडलंय म्हणे. आता स्कूटरसुद्धा कमीपणाची वाटायला लागली असणार.

मला वाटलं दादाच्या वतीने माफी मागतील. तसं काही नाही. चहा झाला, लेकीची चौकशी झाली, मग म्हणाल्या, "भावजी, यांनी निरोप दिलाय. फळी अडीच मिलिमीटरच्या खाली उतरवा म्हणाले. आणि ठोकून ऐका."

मी गिटार करतोय हे त्याला हिच्याकडून कळलं असणार. हिच्याकडे पाहिलं तर ही कप विसळायला गेली.

वहिनींना तोंडावर काही बोललो नाही, त्यांचा काय दोष. पण बावीस वर्षं दाराआड ठकठक केली आणि आता निरोप. तोही बायकोबरोबर. आणि अडीच म्हणे. दादाच्या जुन्या फळ्या मी दुरुस्तीला आलेल्या पाहिल्यात. उजेडात धरल्या तर बोटांची सावली दिसेल इतक्या पातळ. दहा वर्षांत तारांच्या ओढीने पोट काढतात. मी सव्वातीनला थांबतो. माझी एकही गिटार पोट काढून परत आलेली नाही. परत आल्या त्या दोनच, आणि त्यांत काही बिघडलेलं नव्हतं. दादाच म्हणाला, गिऱ्हाईक लहरी आहे, तू लक्ष देऊ नकोस.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

फळी सव्वातीनला ठेवली. आतल्या पट्ट्याही जरा जाडच घेतल्या.

ठोकली नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पाठ चिकटवली. सरस नीट धरला, एकही थेंब बाहेर नाही. सांध्यावरून नख फिरवलं तर नखाला कळत नाही. असा सांधा दादाला उभ्या जन्मात जमलेला नाही, हे तो स्वतःच लोकांना सांगायचा. पूर्वी सांगायचा.

हिच्याशी वाजलं. ती दादाकडे जाऊन आली होती. मला न सांगता गेली म्हणून मी बोललो, तर ती उलट म्हणाली, "तुम्ही दादांचे हात बघितलेत का कधी नीट?"

मी म्हणालो, "कुठून बघणार? चार वर्षं खिशातच असतात."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग संध्याकाळभर वाचनालयातली पुस्तकं शिवत बसली. सुई अशी खुपसत होती की पुस्तकांची दया यावी.

३ मार्च, रविवार

लेक दोन दिवस येऊन गेली. खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, बाबा, माझ्या पलंगाची गिटार केलीत का? बाहेरच्या खोलीत गादी घालून झोपली, कुरकुर केली नाही.

काल ती मोठ्या काकांना भेटायला गेली होती. रात्री जेवताना म्हणाली, काकू काकांना घास भरवते. काकांचे हात इतके थरथरतात की चमचा तोंडापर्यंत जात नाही. चार वर्षांपासूनचं दुखणं आहे, आधी उजव्या हातात होतं, आता दोन्ही. कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे, तुम्हाला तर नाहीच.

ही खाली मान घालून जेवत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं.

मला काय वाटलं ते खरं खरं लिहितो, ही वही दुसरं कोणी वाचणार नाही. आधी ते हात आठवले. लहानपणी याच हातांना धरून मी पोहायला शिकलो. पण ते मिनिटभरच. मग वाटलं, म्हणजे मला फळ्या दिल्या त्या विश्वासाने नाहीत, नाइलाजाने. स्वतःच्याने होत नव्हतं म्हणून. आणि तरीही मास्तरांना सांगायचं की सगळं माझं आहे. दुखण्याने हात थरथरतात, मान्य. जीभ तर शाबूत आहे ना?

भेटायला जावं असं सकाळी वाटत होतं. गेलो नाही. गिटार झाल्यावर जाईन.

१९ मार्च, मंगळवार

मान बसली. मानेवर आडव्या बसणाऱ्या फ्रेटच्या तारा ठोकून कानशीने सारख्या केल्या. लाखेचं पॉलिश चालू आहे, रोज पातळ हात, मग वाळू द्यायचं, मग घासायचं. घासकामात मी पटाईत आहेच, दादाचं प्रमाणपत्र आहे.

कारखाना बंद झाल्याची बातमी हिने आणली. पाटी उतरवली. यंत्रं कोणीतरी घेऊन गेलं. मला वाटलं होतं की तो माझ्या जागी दुसरा कोणी ठेवेल. दोन महिने तेच मनात होतं, कोण असेल तो, त्याला दादा खोलीत घेत असेल का. कोणीच ठेवला नव्हता.

५ एप्रिल, शुक्रवार

तारा चढवल्या.

गिटार देखणी झाली आहे. खोटी नम्रता नको. शिसमाचे पट्टे मधल्या सांध्याशी आरशासारखे जुळलेत. ही म्हणाली, किती छान दिसते. मी वाजवून दाखवली, मला येतात तेवढे चार सूर. ती परत म्हणाली, दिसते मात्र सुंदर.

आवाज जरा आत आहे. नवी गिटार असते तशीच. लाकडाला बोलायला वर्ष दोन वर्षं जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. सुरेल आहे, कुठे खरखर नाही, फटफट नाही. मास्तरांना फोन केला. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले. गिटार दाखवायची आहे एवढंच सांगितलं.

१३ एप्रिल, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

मास्तर साडेदहाला आले. दारात वाकले, तरी डोकं चौकटीला लागायचं राहिलं थोडक्यात. लेकीच्या खोलीतच बसवलं. गिटार हातात घेतली, उलटी सुलटी करून पाहिली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग वाजवायला लागले. दहा मिनिटं तरी वाजवत होते. ही दाराशी उभी होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी एक मोठा झंकार केला, तो थांबेपर्यंत ऐकला. लवकर थांबला.

मग गिटार मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, "दादांचीच ना ही? अलीकडची."

मला जे ऐकायचं होतं तेच ते बोलले. माझी आणि दादाची ओळखू येत नाही. मी म्हणालो, नाही, ही माझी. एकट्याची. आणि अलीकडच्या चार वर्षांतल्याही सगळ्या माझ्याच.

त्यांनी परत एकदा गिटारीकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं होय. मग बरोबर आहे."

काय बरोबर आहे विचारलं. त्यांना बोलायचं नव्हतं, मीच सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "काम अप्रतिम आहे तुमचं. असं काम दादांचंही नव्हतं. पण आवाज पेटीतून बाहेर येत नाही हो. चार वर्षांपूर्वीपर्यंतच्या दादांच्या गिटारी आणि नंतरच्या, यांत जमीन अस्मानाचा फरक आहे. आम्हा वाजवणाऱ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. दोघांनी परत केल्या, बाकीच्यांनी दादांकडे पाहून ठेवून घेतल्या. मी जानेवारीत आलो होतो तो तक्रार घेऊनच आलो होतो."

मी विचारलं, दादा काय म्हणाला.

"मी त्यांना विचारलं की फळ्या हल्ली तुमचा भाऊ करतो का. ते म्हणाले, छे, तो फक्त घासकाम बघतो, चूक माझी आहे. माझी गिटार ठेवून घेतली आणि स्वतःची, घरी भिंतीवर असायची ती, मला दिली. मी नको नको म्हणत होतो."

ती दादाची पहिली गिटार. आम्हाला कोणाला हात लावू द्यायचा नाही.

मास्तर चहा न घेता गेले. जाताना मला म्हणाले, फळी उतरवून बघा थोडी. मी हो म्हणालो. त्यांना माहीत आहे आणि मलाही माहीत आहे की आता पेटी बंद आहे, पॉलिश झालं आहे, काय उतरवणार.

ही खोलीत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, तुला माहीत होतं? ती म्हणाली, दादांच्या हातांचं माहीत होतं, हे नव्हतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला. न ठेवून कुठे जाणार.

एकतीस आणि ही बत्तीसावी. माझी गिटार ओळखू येते तर. इतकी की दहा मिनिटांत ओळखली.

१७ एप्रिल, बुधवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. आज दादाकडे गेलो.

सकाळचे अकरा वाजले असतील. वहिनींनी दार उघडलं आणि काही न विचारता आत गेल्या. दादा खिडकीपाशी खुर्चीत होता, मांडीवर शाल, शालीखाली हात. तीन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झालाय. मला पाहून म्हणाला, "झाली का?"

झाली म्हणालो. मास्तर येऊन गेल्याचं सांगितलं. ते काय म्हणाले तेही सांगितलं, एकही शब्द न गाळता. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. जे त्याला आधीच माहीत होतं ते मी त्याला सांगत होतो.

आभार मानायला गेलो होतो, निदान हिला तसं सांगून निघालो होतो. तोंडातून दुसरंच निघालं. "चार वर्षं, दादा. एकतीस गिटारी. एकदा तरी म्हणायचं होतंस की फळ्या जाड राहतायत तुझ्या."

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू थांबला असतास."

"शिकलो असतो."

"तुला मी ओळखतो. दुखावून थांबला असतास. आणि तू थांबलास की कारखाना बंद. माझे हात तेव्हाच गेले होते रे." मग थोड्या वेळाने म्हणाला, "वाटलं होतं, करता करता कान तयार होईल तुझा. दार उघडून बोलवायला हवं होतं, हे आता वाटतं. पण मग तुला हात दिसले असते."

म्हणजे तो मला सांभाळत होता आणि स्वतःलाही. त्यातलं किती कोणासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. लंबूमास्तरांपुढे त्याने माझी चूक स्वतःवर घेतली, आणि तीच चूक माझ्याकडून एकतीस वेळा करून घेतली. मी तीन महिने त्याचा राग केला तो चुकीच्या कारणासाठी. आता बरोबर कारण मिळालंय, तर राग धरायला समोर धड माणूस नाही.

मी म्हणालो, आता शिकव.

त्याने वहिनींना हाक मारून आतल्या कपाटातली फळी मागवली. देवदाराचीच, एका बाजूने रंधा मारलेली, अर्धवट. शेवटची त्याने घेतलेली आणि सोडून दिलेली. मी ती वरच्या टोकाला दोन बोटांत धरून त्याच्या कानाशी नेली, जशी तो धरायचा असं मला वाटत आलंय. त्याने शालीतून उजवा हात काढला. मी पहिल्यांदाच पाहिला. मनगटापासून बोटांपर्यंत सगळा हलत होता, दारावर कोणी अखंड थाप मारत असल्यासारखा.

"इथे ऐक," तो म्हणाला, "मधोमध. मग दोन बोटं खाली. दोन्हींत फरक आहे. तो कळला की झालं."

त्याने बोट फळीला लावलं. ठक ठक, ठकठकठक, ठक. फळी वाजत होती, एकदा मोठी, एकदा बारीक, एकदा नुसती घासून. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याला ऐकू येत होतं हे त्याच्या कपाळावरून दिसत होतं. मी कान फळीला चिकटवला. त्यातला कुठला ठोका त्याने मारलेला आणि कुठला हाताने आपोआप मारलेला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"कळलं?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.